नरो वा कुंजरो वा!

फ्लोरिडातील ऑर्लँडो शहराजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये पाचवे उद्यान होणार, अशी कंडी २०२४ च्या उन्हाळ्यापासून वारंवार पिकत आहे. तळ्याकाठच्या अमुक हॉटेलाच्या खोल्या मोडून नव्या बांधणार, तमक्या हॉटेलाचे नावच पुसून टाकणार, अमुक पाळणा बंद, तमकी नौका मोडीत, अशा वार्ता तिच्यामागून वरातीतल्या वऱ्हाडासारख्या येत असतात. कंपनीला विचारावे, तर तूर्त जाहीर करण्याजोगे काही नाही, एवढेच ठराविक उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते. पण ते पुरते खरेही नसते. धर्मराजाने कुरुक्षेत्रावर द्रोणाचार्यांना जे उत्तर दिले, त्याच कुळातले ते असते. 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द त्याने हळूच पुटपुटले आणि तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ धुळीला टेकला. व्यापारी कंपन्यांचा तर सारा डोळाच जमिनीवर. तेव्हा असल्या उत्तराने त्यांचा रथ आणखी खाली येण्याचे भय नाही, हा भाग वेगळा!

सातासमुद्रांपलीकडच्या एका करमणूकनगरीच्या वावड्यांना आम्ही आमच्या पहिल्या पानावर जागा का द्यावी, असा प्रश्न वाचक विचारतील. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत आणि त्यांच्याकडे गेलेले आजी-आजोबा नातवंडांचा हात धरून त्या नगरीत एकदा तरी जाऊन येतात, हे त्याचे एक उत्तर झाले. पण ते वरवरचे. खरे उत्तर असे की, ही गोष्ट पाळण्यांची आणि बाहुल्यांची नाहीच. ती जमिनीची आहे, कराची आहे, कायद्याची आहे; आणि नागरिकाला त्याच्या गावात काय घडणार हे केव्हा कळावे, आधी की नंतर, ह्या प्रश्नाची आहे. त्या प्रश्नाला अमेरिका आणि महाराष्ट्र असा भेद ठाऊक नाही.

मराठीत अफवेला शब्द पुष्कळ आहेत. कंडी पिकते, भुमका उठते, वावडी उडते, हूल उठते. ह्या सगळ्या शब्दप्रयोगांत एक मौज आहे: त्यांत कर्ता कोठेच नाही! जणू पावसाळ्यातल्या अळंब्यांप्रमाणे ही पिके आपोआप उगवतात. आमचा अनुभव तसा नाही. अफवेला पेरणारा असतो, आणि पुष्कळदा तो जीभ चालवून नव्हे, तर तोंड शिवून पेरणी करतो. ह्याचे उदाहरण म्हणून खुद्द डिस्ने वर्ल्डच्या जन्माची कथा सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही; कारण ज्या अफवांनी ती कंपनी आज त्रासलेली दिसते, त्या अफवांच्याच पाळण्यात ही नगरी जन्माला आली आहे.

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी आपले पहिले उद्यान उघडले. त्यासाठी १६० एकर जागा त्यांनी घेतली होती. उद्यान उभारता उभारता हाती पैसा उरला नाही, म्हणून शेजारचे हॉटेल बांधण्याचे काम त्यांनी जॅक रॅदर ह्या टेलिव्हिजनच्या धंद्यातील गृहस्थांवर सोपविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते हॉटेल उघडले, आणि डिस्नेलँडचे नाव मिरविणारे ते हॉटेल कंपनीच्या स्वतःच्या मालकीचे व्हायला १९८८ साल उजाडावे लागले. उद्यानाभोवती लवकरच मोटेलांची आणि दुकानांच्या पाट्यांची झुंबड उडाली. झाड लावले आपण आणि फळे खाल्ली शेजाऱ्यांनी, ही सल डिस्ने यांच्या मनात राहिली. पुढच्या वेळी जमीन घ्यायची ती एवढी घ्यायची, की कुंपणापलीकडे कोणाचा दिवासुद्धा दिसू नये, असा त्यांनी जणू पण केला.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे ज्या दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच दिवशी, डिस्ने यांनी विमानातून मध्य फ्लोरिडाची पाहणी केली. खाली दलदल होती, सायप्रसची राने होती, गुरांची कुरणे होती. त्यानंतरच्या सुमारे दोन वर्षांत ऑरेंज आणि ऑसिओला ह्या दोन जिल्ह्यांत मिळून २७ हजारांहून अधिक एकर जमीन विकली गेली. ती कोण विकत घेत आहे, हे मात्र कोणालाच कळेना. कागदोपत्री खरेदीदार म्हणून टॉमहॉक प्रॉपर्टीज, रीडी क्रीक रँच, बे लेक प्रॉपर्टीज, कंपास ईस्ट, लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट, आयफोर कॉर्पोरेशन अशी नावे झळकत होती. ह्या सगळ्या नावांपुरत्या कंपन्या. मागे धनी एकच. कंपनीचे वकील रॉबर्ट फॉस्टर हे तर त्या मुलखात आपले आडनाव न लावता 'प्राइस' हे मधले नाव सांगून वावरत. फार वर्षांपूर्वी पाच-पाच एकरांचे तुकडे पाडून टपालाने विकलेली काही जमीनही त्यात होती. ती ज्यांची होती त्यांपैकी अनेकांनी ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. सगळी मिळून किंमत पडली ५० लक्ष डॉलरांच्या थोडी वर, म्हणजे सरासरीने एकरी २०० डॉलरांच्याही आत. बातमी फुटल्यावर भोवतालच्या जमिनीचे भाव किती पटींनी चढले असतील, ह्याचा अंदाज पनवेल-उरणच्या वाचकांस आम्ही सांगायला नको. तेथे पूल आणि विमानतळ उभे राहायच्या आधीच त्यांच्या भुमकांनी सात-बाऱ्याचे उतारे सोन्याचे करून टाकले होते.

अशा वेळी लोक काय करणार? ते अंदाज बांधणार. कोणी म्हणे फोर्ड मोटारींचा कारखाना येतो आहे, कोणी म्हणे रॉकफेलरांचे काही तरी आहे, कोणाला विमाने बांधणाऱ्या मॅक्डॉनेल कंपनीचा सुगावा लागला होता, तर कोणाला हॉवर्ड ह्यूज यांचा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! परंतु ह्या माणसांना आम्ही हसणार नाही. त्यांच्या पायाखालची जमीन विकली जात होती आणि खरेदीदाराचे नाव त्यांच्यापासून लपविले जात होते. अंदाज बांधण्यापलीकडे त्यांच्या हाती दुसरे होते तरी काय?

हे गूढ उकलले एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न विचारला एका वार्ताहर स्त्रीने, ही आमच्या व्यवसायाला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. डिस्नेलँडच्या दशकपूर्तीनिमित्त १९६५ च्या ऑक्टोबरात कंपनीने निरनिराळ्या वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना कॅलिफोर्नियात पाहुणचाराला बोलावले होते. त्यांत 'ऑर्लँडो सेंटिनेल' पत्राच्या एमिली बावर होत्या. असल्या आमंत्रणांत वार्ताहराने पोटभर जेवावे, यजमानाची स्तुती लिहावी आणि परत यावे, असा प्रघात आमच्याकडेही आहे. बावर बाईंनी तो मोडला. फ्लोरिडातील ती जमीन तुम्हीच घेत आहात काय, असे त्यांनी डिस्ने यांना तोंडावरच विचारले. डिस्ने यांनी ते नाकारले. पण नाकारताना तेथला पाऊस, तेथली हवा, तेथे येणाऱ्या प्रवाशांची संख्या यांचा इतका बारीक तपशील त्यांच्या तोंडून बाहेर पडला, की ज्याला त्या मुलखाशी कर्तव्य नाही त्याला हे सारे कशाला ठाऊक असावे, अशी शंका बाईंना आली. २४ ऑक्टोबर रोजी त्यांच्या पत्राने हा गूढ उद्योग डिस्नेचाच असल्याचे ठळक मथळ्यात छापले. दुसऱ्याच दिवशी राज्यपाल हेडन बर्न्स यांनी त्याला दुजोरा दिला आणि १५ नोव्हेंबरला वॉल्ट डिस्ने, त्यांचे बंधू रॉय आणि राज्यपाल असे तिघे ऑर्लँडोत पत्रकारांसमोर बसले. एक नेमका प्रश्न शंभर कंड्यांना भारी पडला!

येथवरची लपवाछपवी आम्ही एका मर्यादेपर्यंत समजू शकतो. मोठ्या खरेदीदाराचे नाव फुटले की शेवटचा भूखंडवाला तोंडाला येईल तो भाव मागतो, हे जगातल्या कोठल्याही दलालाला ठाऊक आहे. स्वतःच्या पैशाने, राजीखुशीने विकणाऱ्याकडून जमीन घेणाऱ्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असा कायदा नाही, आणि तो असावा असा आग्रहही आम्ही धरणार नाही. मात्र १९६७ साली जे घडले ते ह्या सदरात बसत नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर राज्यपाल क्लॉड कर्क यांची सही झाली आणि रीडी क्रीक सुधारणा मंडळ अस्तित्वात आले. रस्ते, निचरा, अग्निशामक दल, इमारतींचे नियम, करमुक्त कर्जरोखे, एवढेच काय, अणुशक्तीवर वीज निर्माण करण्याचे केंद्र उभारण्याचाही अधिकार त्या मंडळाला मिळाला. मंडळाचे सभासद निवडायचे कोणी? जमीनमालकांनी. मते किती? ज्याची जेवढी जमीन तेवढी. आणि जवळजवळ सगळी जमीन कोणाची? वाचकांनी ओळखले असेलच! नगरपालिकेचे सारे अधिकार एका कंपनीच्या खिशात घालण्याचा इतका साळसूद मार्ग दुसरा सापडणे कठीण.

ह्या अधिकारांसाठी जे कारण पुढे केले होते, तेही सांगितले पाहिजे. २० हजार लोकवस्तीचे उद्याचे एक आदर्श नगर तेथे वसवायचे आहे, असे वॉल्ट डिस्ने यांनी १९६६ च्या ऑक्टोबरात चित्रित केलेल्या एका चित्रपटात स्वतः समजावून सांगितले होते. डिसेंबरात त्यांचा मृत्यू झाला. ते नगर कधीच वसले नाही. त्याचे एपकॉट हे नाव तेवढे घेऊन १९८२ साली एक प्रदर्शनवजा उद्यान उघडण्यात आले. नगर गेले; नगरासाठी मागून घेतलेले अधिकार मात्र राहिले, ते अर्धशतकाहून अधिक काळ. आणि हॉटेलांचे म्हणाल, तर १ ऑक्टोबर १९७१ रोजी डिस्ने वर्ल्ड उघडले त्या वेळी पहिल्या टप्प्यातील पाच हॉटेलांची नावे कंपनीने सांगितली होती. त्यांपैकी कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन उभी राहिली. एशियन, व्हेनिशियन आणि पर्शियन ही तीन नकाशावरच राहिली. १९७३ च्या तेलटंचाईने मोटारीने येणारा प्रवासी आटला आणि बेत गुंडाळले गेले. एशियनच्या जागेवर पुढे १९८८ साली ग्रँड फ्लोरिडियन हे निराळेच हॉटेल आले. तेव्हा अफवा तेवढ्या खोट्या आणि घोषणा तेवढ्या खऱ्या, अशी वाटणी करणाऱ्यांनी हा इतिहास एकदा चाळावा.

घोषणेचेही जाऊ द्या. निव्वळ मौनाने काय होते ते पाहा. तेथील रिव्हर कंट्री नावाचे पाण्याच्या खेळांचे उद्यान २००१ साली हंगाम संपला म्हणून बंद झाले. ते पुन्हा कधीच उघडणार नाही, हे अधिकृतपणे सांगायला कंपनीला २००५ साल उजाडले. मधल्या काळात गंजणाऱ्या घसरगुंड्यांभोवती भुताखेतांच्या गोष्टी उगवल्या असतील तर दोष कोणाचा? त्याच जागेवर एक मोठे हॉटेल बांधण्याची घोषणा २०१८ साली झाली. २०२० साली महामारीत काम थांबले. हॉटेल होणार की नाही, ह्यावर चार वर्षे तर्क चालले, आणि २०२४ साली तेच काम वेगळ्या नावाने, २०२७ साली उघडण्याच्या वायद्याने, पुन्हा पुढे आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात एका भव्य समारंभात मोटारगाड्यांच्या चित्रपटांवर आधारलेली नवी नगरी होणार, असे मंचावरून वाजतगाजत सांगण्यात आले. ती नगरी होण्यासाठी १९७१ पासून वाहत असलेली तेथली कृत्रिम नदी, तिच्यातली चाकाची नौका आणि टॉम सॉयरचे बेट बुजवावे लागणार, हे मात्र समारंभ आटोपल्यावर कळले. २०२५ च्या जुलैत ती नदी बंद झाली. नर मंचावर आणि कुंजर पडद्याआड, असा हा प्रकार!

आता पाचव्या उद्यानाकडे वळू. २०२२ साली शालेय शिक्षणाविषयीच्या एका कायद्यावरून कंपनीचे आणि राज्यपाल रॉन डिसँटिस यांचे वाजले, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने रीडी क्रीकचे नाव बदलून नवे मंडळ नेमण्याचा अधिकार राज्यपालांच्या हाती दिला. कंपनीचे पंख छाटावेत ह्या मताचे आम्हीही आहोत. पण एका सत्ताधाऱ्याच्या रागातून ते छाटले जावेत, ह्यात आम्हांस समाधान नाही. मक्तेदारी कंपनीच्या खिशातून निघून राज्यपालांच्या खिशात गेली, नागरिकाचा खिसा रिकामा तो रिकामाच. आणि ह्या भांडणात एक गोष्ट अशी घडली, की आमच्या आजवरच्या समजुतीलाच तिने धक्का दिला. जुने मंडळ जाण्यापूर्वी, ८ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याने कंपनीशी एक करार करून पुढच्या कित्येक दशकांचे बांधकामाचे हक्क तिच्या पदरात टाकले. नव्या मंडळाला ह्याचा पत्ता लागला तो पुढच्या महिन्यात. चोरीचा आरोप झाला, तेव्हा कंपनीने शांतपणे सांगितले की, सभा उघड होती आणि तिच्या जाहीर सूचना रीतसर दिल्या होत्या. त्या सूचना वर्तमानपत्रात छापलेल्या होत्या. बारीक टाइपात, जेथे आमच्याही पत्रात त्या छापल्या जातात आणि जेथे आमच्याही वाचकांची नजर सहसा जात नाही! कागद उघडा होता, वाचणारा नव्हता. तेव्हा सारा दोष लपविणाऱ्याचा, असे म्हणून आम्हांस आपली सुटका करून घेता येणार नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये तडजोड झाली, तो करार रद्दबातल ठरला आणि जूनमध्ये नवा करार झाला. त्यात आणखी एका मोठ्या उद्यानाला आणि दोन लहान उद्यानांना मुभा आहे, हॉटेलांच्या खोल्या ५३ हजारांच्या वर नेण्याची सोय आहे, आणि त्याच्या बदल्यात १० ते २० वर्षांत १७ अब्ज डॉलरांपर्यंत भांडवल गुंतविण्याचे आश्वासन आहे. पाचव्या उद्यानाची कंडी बहुतांशी ह्या कागदाच्या जमिनीत पिकली आहे. परवानगी म्हणजे बेत नव्हे, एवढा विवेक कंडी पिकविणाऱ्यांनी ठेवायला हवा होता, हे कबूल. शेजारच्या युनिव्हर्सल कंपनीने २०२५ च्या मे महिन्यात एपिक युनिव्हर्स हे नवे उद्यान आणि त्याच्याबरोबर नवी हॉटेले उघडली, तेव्हा डिस्नेही गप्प बसणार नाही, असे लोकांच्या मनाने घेतले. तेही अस्वाभाविक नाही. तरी ह्या अफवेचा १९६५ च्या अफवांहून एक मोठा फरक आहे: तिच्या मुळाशी काहीतरी छापील, जाहीर, तपासून पाहता येईल असे आहे. पाण्याच्या निचऱ्याचे परवाने, बांधकामाचे अर्ज हे तेथे कोणालाही पाहता येतात आणि हौशी माणसे ते चिकाटीने वाचतात. शासनाचा कारभार सूर्यप्रकाशात चालावा, असे सांगणारा फ्लोरिडाचा प्रसिद्ध कायदा १९६७ सालचा, म्हणजे नेमका रीडी क्रीकच्याच वर्षाचा, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो.

अफवेचे आणि लपवाछपवीचे मोल कोण देते, हे पाहायचे तर ऑर्लँडो सोडून पुन्हा अ‍ॅनाहाइमला गेले पाहिजे. डिस्नेलँडशेजारी ७०० खोल्यांचे एक उंची हॉटेल बांधण्याचे कंपनीने ठरविले, आणि २०१६ साली तेथील नगरपालिकेने त्यासाठी कोट्यवधी डॉलरांची करसवलत मंजूर केली. पुढे कंपनीने हॉटेलाची जागा बदलली. जागा बदलली तर सवलत लागू होत नाही, असे नगरपालिकेच्या वकिलाचे मत पडले. दरम्यान नव्या हॉटेलाला जागा करून देण्यासाठी तेथील उपाहारगृहे आणि चित्रपटगृह २०१८ च्या जूनमध्ये बंद झाली होती. तेथे बशा उचलणारे, तिकिटे फाडणारे, भांडी घासणारे लोक घरी गेले. आणि ऑक्टोबरात कंपनीने जाहीर केले की, हॉटेलाचा बेत सोडून दिला आहे! ज्या हॉटेलासाठी चुली विझल्या ते हॉटेल कागदावरच राहिले. श्रीमंत प्रवाशाच्या दृष्टीने ही एक फसलेली घोषणा. त्या चुलींवर ज्यांची घरे चालत होती त्यांना काय वाटले असेल, ह्याची नोंद कोठल्या ताळेबंदात होते? त्याच वर्षी त्याच शहराच्या मतदारांनी करसवलत घेणाऱ्या रिसॉर्टांनी कामगारांना किमान वेतन वाढवून द्यावे असा ठराव मतपेटीतून मंजूर केला, तो कंपनीला लागू होतो की नाही ह्यावर वर्षानुवर्षे कोर्टात वाद चालला, आणि अखेर २०२४ साली २३ कोटी ३० लक्ष डॉलर देण्याची तडजोड झाली. ते डॉलर आकाशातून पडले नाहीत. मतदारांनी मागितले, कामगारांनी कोर्टात नेले, तेव्हा ते मिळाले.

त्याच अ‍ॅनाहाइममध्ये २०२४ साली विस्ताराची नवी योजना आली, तेव्हा मात्र रीत पालटलेली दिसली. नकाशे लोकांसमोर मांडले गेले, सुनावण्या झाल्या, वाद झाले, आणि नगरपालिकेने एकमताने मंजुरी देताना १० वर्षांत किमान १.९ अब्ज डॉलरांचे भांडवल आणि परवडणाऱ्या घरांसाठी ३ कोटी डॉलर अशा अटी बांधून घेतल्या. अटी पुरेशा आहेत की नाहीत ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. पण त्या मतभेदाला धरण्याजोगे काही आहे.

उघड चर्चेचा निकाल नेहमी कंपनीच्याच बाजूने लागतो असेही नाही. १९९३ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियातील हेमार्केट गावाजवळ सुमारे ३ हजार एकरांवर अमेरिकेच्या इतिहासाचे उद्यान उभारण्याचा बेत डिस्ने कंपनीने जाहीर केला. जमिनीचे हक्क तोवर गुपचूप मिळविलेलेच होते. यादवी युद्धातील बुल रनची रणभूमी तेथून चार-पाच मैलांवर. डेव्हिड मॅकलॉ, जेम्स मॅक्फर्सन असे इतिहासकार उठले. रणभूमीशेजारी खोटी लढाई मांडून पैसे मिळविणे हा इतिहासाचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे. रायगडाच्या पायथ्याशी कोणी पन्हाळगडाचे लाकडी वेढे मांडून तिकिटे लावली, तर आपण काय म्हणू, ह्याची वाचकांनी कल्पना करावी. २८ सप्टेंबर १९९४ रोजी कंपनीने बेत सोडला. इतिहासकार जिंकले. त्या परिसरात पुढे ऐसपैस घरांच्या वसाहती मात्र उभ्या राहिल्या आणि त्यांच्या विरुद्ध तेवढ्या थोर माणसांनी आवाज उठविल्याचे आमच्या ऐकिवात नाही! विजयालाही अशी शेंडी असते.

कंपनीला नगरपालिकेचे अधिकार देण्याच्या ज्या चालीने रीडी क्रीक उभे राहिले, ती चाल आपल्या अंगणात खेळली गेलेली नाही, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी मुळशीकडे पाहावे. मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा नावाचे गिरिनगर वसविण्याचे काम सुरू झाले. २००८ साली महाराष्ट्र शासनाने त्या कंपनीलाच आपल्या क्षेत्रापुरते विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. म्हणजे नकाशा काढणारी तीच, मंजूर करणारी तीच, बांधणारी तीच आणि विकणारीही तीच! शनिवारवाड्यात 'ध'चा 'मा' करायला आनंदीबाईंना निदान लेखणी तरी उचलावी लागली होती. येथे अक्षरे काढण्याचा अधिकारच सरकारने बहाल केलेला. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबविण्याची नोटीस दिली. २०१७ साली राज्य शासनाने ते विशेष अधिकार काढून घेतले. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे उभी राहिली, आणि निवृत्तीचा पैसा तेथे गुंतवून सरोवराकाठच्या सदनिकेची स्वप्ने पाहणारे मध्यमवर्गीय लोक, आपल्याच वाचकांपैकी कित्येक, धनकोंच्या रांगेत जाऊन बसले. त्या काळात लवासाविषयी किती कंड्या उठल्या! कोणी म्हणे चौपट भाव येणार, कोणी म्हणे अमुक कंपनी सारे घेणार, कोणी म्हणे सगळे पाडणार. ज्याच्या हाती खरी माहिती होती तो बोलत नव्हता, आणि जो बोलत होता त्याच्याकडे विकायला सदनिका होती.

आमची मागणी म्हणूनच कंपनीने आपली प्रत्येक कल्पना चव्हाट्यावर मांडावी अशी नाही. एखादा पाळणा कोणत्या रंगाचा असावा, हॉटेलाच्या जेवणघराला कोणते नाव द्यावे, ह्या गोष्टी तिच्या तिने ठरवाव्यात, त्याविषयी अफवा उठोत की पडोत, जगाचे काही बिघडत नाही. पण ज्या क्षणी ती कंपनी सरकारच्या दारात जाऊन सवलत मागते, रस्ता मागते, पाणी मागते, विशेष कायदा मागते, त्या क्षणी तिचा बेत तिचा एकटीचा राहत नाही. तो मागणीअर्ज, त्याला जोडलेला नकाशा, त्याबदल्यात द्यावयाचे वचन, आणि वचन मोडल्यास भरावयाचा दंड, हे सारे मंजुरीच्या आधी लोकांसमोर आले पाहिजे. मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. महाराष्ट्राने माहितीचा अधिकार २००२ साली, देशाच्या तीन वर्षे आधी, कायद्याने दिला, ह्याचा आपण योग्य तो अभिमान बाळगतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाने तर कोणी न मागताही माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सरकारी कार्यालयांवर टाकलेले आहे. हे कलम आमच्या नगरपालिकांत आणि प्राधिकरणांत कितपत पाळले जाते, ह्याचा अनुभव ज्याला घ्यायचा असेल त्याने आपल्या पेठेतल्या एखाद्या आरक्षित भूखंडाची फाइल मागून पाहावी. आणि आमच्या व्यवसायबंधूंना विनंती अशी की, 'विश्वसनीय गोटातून समजते' हे वाक्य जुळविण्याआधी एमिली बावर यांच्याप्रमाणे ज्याला विचारायचे त्याला तोंडावर विचारावे. ही विनंती आम्ही सर्वप्रथम आम्हांलाच करीत आहोत. कारण त्या गोटात आमचाही मुक्काम अधूनमधून पडलेला आहे.

डिस्ने वर्ल्डच्या मुख्य उद्यानात प्रवेश केल्याबरोबर जुन्या अमेरिकन शहराच्या धर्तीवर बांधलेला एक रस्ता लागतो. तेथल्या माडीवरच्या खिडक्यांवर कंपनीच्या जुन्या कारभाऱ्यांची नावे रंगविली आहेत. त्यांतल्या एका खिडकीवर जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका काल्पनिक पेढीची पाटी आहे: एम. टी. लॉट. हे नाव भरभर उच्चारले की इंग्रजीत त्याचा अर्थ रिकामा भूखंड असा होतो. त्याखाली त्या पेढीच्या शाखा म्हणून टॉमहॉक, बे लेक, रीडी क्रीक, कंपास ईस्ट, लॅटिन-अमेरिकन आणि आयफोर अशी सगळी नावे आहेत. आयफोर म्हणजे जमिनीशेजारून जाणाऱ्या आय-४ ह्या हमरस्त्यावरची कोटी. ज्या नावांच्या आड राहून ती सारी जमीन घेतली, ती नावे आज तेथे गमतीची नक्षी म्हणून मिरवत आहेत. दादरहून किंवा कोथरूडहून गेलेले आजी-आजोबा नातवाला फुगा घेऊन देत त्याच खिडकीखाली उभे असतात. त्यांनी पुढच्या खेपेस एकदा मान वर करून पाहावे.